संग्राहकांची विरक्ती

मुंबईच्या चोरबाजारात ज्या चित्रपटाच्या जीर्ण भित्तिपत्रकासाठी सहस्रावधी रुपये बिनतक्रार मोजले जातात, तो चित्रपट प्रत्यक्ष पाहण्याची यत्किंचितही तसदी घेतली जात नाही, हा आमच्या संग्राहक मंडळींच्या विरक्तीचाच पुरावा मानावा लागेल. पौराणिक असो, भयपट असो वा दारासिंगांचा मारधाडपट असो, रसभेद त्यांना मान्यच नाही. त्यांच्या दप्तरी नोंद होते ती घड्या किती, फाटले कोठे आणि छपाई शिळेवरची की ऑफसेटची, एवढ्याचीच. व्हिडिओ कॅसेटींची मिजास याहून न्यारी: ज्यांच्या फितींवर दमट हवेतील बुरशीने केव्हाच मिरासदारी हक्क प्रस्थापित केला आहे आणि ज्या लावावयाच्या यंत्रांचे उत्पादन २०१६ साली जगभर थांबले, त्या कॅसेटी प्रकारवार लावून, क्रमांक घालून, कुलूपबंद कपाटात सांभाळल्या जातात.

तथापि हसणाऱ्याने अंमळ सबुरी धरावी. १९३१ सालच्या ‘आलम आरा’ या आपल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. कित्येक मूकपटांच्या फिती तर त्यांतील चांदीच्या लोभाने वितळविल्या गेल्या. आणि पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन होण्यास १९६४ साल उजाडावे लागले. बाबूराव पेंटरांच्या १९२४ सालच्या ‘कल्याण खजिना’चे भित्तिपत्रक मात्र टिकून राहिले. सबब निकाल एवढाच, की ज्या समाजाने चित्रपट रद्दीच्या भावाने विकले, त्याला रद्दी चित्रपटाच्या भावाने विकत घेणाऱ्यास वेडा ठरविण्याचा अधिकार उरत नाही.