रेंजबहाद्दर

2020 च्या ऑक्टोबरात अंतिम वर्षाच्या परीक्षा मोबाइलवर आल्या आणि हा प्राणी आमच्या कॉलेजात पहिल्यांदा नीट ओळखू आला. ऑगस्टअखेर सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेशिवाय पदवी नाही असं बजावलं, तोवर स्वारी 'सरसकट पास'वर डोळा ठेवून होती.

एरवी याच्या हातून फोन सुटतो तो फक्त आंघोळीपुरता. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्याच फोनवर बंदुका चालवताना रेंज गेल्याचं कधी ऐकिवात नाही. पेपर म्हटला की मात्र फोन एकाएकी आजारी पडतो. "सर, स्क्रीन छोटी आहे." "सर, हँग होतोय." "सर, आमच्याकडे गच्चीवर टाकीमागेच रेंज येते."

तयारी कसून असते, अभ्यास सोडून बाकी सगळ्याची. ग्रुपवर पहिलं उत्तर पडलं, "7 चं ब". प्रश्नांचा क्रम आणि पर्याय प्रत्येकाला वेगळे येतात हे कळेपर्यंत निम्म्या ग्रुपने ब दाबलेला. मग बहिणीच्या फोनने स्क्रीनचा फोटो काढणं आलं. समोरचा कॅमेरा पाहतोय म्हणून चेहरा समाधी लागल्यासारखा, बुबुळं तेवढी डावीकडे. नेमका त्याच वेळी साताऱ्याहून मामाचा फोन. कॉलचा पडदा वर आला की ॲपला वाटतं, पोरगा परीक्षा सोडून भटकतोय. पहिला इशारा. याने कॉल कापला, तर मामाने काळजीने परत लावला. दुसरा इशारा. "सर, मामाला कोण समजावणार?" या एका तक्रारीवर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरात एकच फोन आणि भाऊ-बहिणीचे पेपर एकाच वेळी, अशीही मुलं होती. ती कुरकुरत नव्हती, "सर, नंतर देता येईल का?" एवढंच विचारायची. बहाद्दराच्या आरड्याओरड्यात त्यांचा आवाज आमच्यापर्यंत उशिरा पोचला, याचा मला त्याच्यावर खरा राग आहे.

निकालात त्याला घसघशीत मार्क पडले. तेव्हा ना स्क्रीन लहान होती, ना फोन हँग.

2022 च्या जानेवारीत दहावी-बारावीची मुलं ऑनलाइन परीक्षेसाठी धारावीत शिक्षणमंत्र्यांच्या घरासमोर जमली. बहाद्दर तोवर एम.ए.ला आमच्याच कॉलेजात, आणि आता त्या मुलांच्या बाजूने. म्हटलं, "काय रे, तुझा तर मोबाइलवरच्या परीक्षेला विरोध होता ना?"

"होता ना सर. पण वर्गात बसून रेंज गेली म्हणून सांगता येतं का?"