गडग्यापलीकडचा ठसका

"काल तिन्हीसांजेला दृष्ट काढत होतात की काय कोणाची?"

सुमनकाकूंनी गडग्यावर कोपरं टेकली. त्यांच्या आणि आमच्या परसामधला हा गडगा जांभ्याचा आणि कमरेएवढाच. वास, धूर आणि बातम्या यांना त्याची अजिबात अडचण होत नाही.

"छे हो काकू, दृष्ट कसली!"

"मग दहाबारा मिरच्या जाळल्यात त्या? आम्हाला चौघांनाही ठसका लागला. म्हणजे दृष्ट नव्हती हे तर नक्कीच."

"नूडल्स केल्या होत्या. शेजवान."

"झाल्या का?"

"झाल्या की. छान झाल्या."

"मग त्या कोंबड्या काय खातायत?"

वळून बघितलं. माडाच्या आळ्याशी मी सकाळी गुपचूप ओतलेला गोळा कोंबड्यांनी उकरून काढला होता. एक तांबडी कोंबडी हातभर लांब शेवई चोचीत धरून धावत होती आणि बाकी सगळ्या तिच्यामागे. आता काय लपवणार?

सांगून टाकलं. धाकट्याने हट्ट धरला, कोपऱ्यावरच्या गाडीवरचं नको म्हणून मीच पदर खोचला. अख्खं पाकीट उकडलं, वर अर्धा कोबी, दोन गाजरं, सिमला मिरच्या. सगळं एकदम कढईत. कढई बिचारी काठोकाठ भरली, कोबीला पाणी सुटलं आणि नूडल्स त्यात शिजत बसल्या. कालथा घातला की अख्खा थर उचलला जायचा. चिरंजीव ताटाकडे बघून म्हणाले, "आई, हे खिमट आहे का?"

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. "मीठ कधी घातलंत?"

"कोबीबरोबरच."

"तिथेच पाणी सुटलं! अहो, परतायचं होतं का उकडायचं? माझा भाचा पणजीला हॉटेलात चायनीजच्या भट्टीवर आहे, ठाऊक आहे ना तुम्हाला? तो म्हणतो, मामी, घरच्या बायकांचा मसाला बिघडत नाही, कढई बिघडते. त्यांची भट्टी म्हणजे भाता लावल्यासारखी पेटते. आपल्या गॅसला तो जोर कुठून येणार? म्हणून एका वेळी दोघांपुरतंच टाकायचं. चौघांचं हवं तर दोनदा परतायचं."

"आणि नूडल्स चिकटतात त्याचं काय?"

"बोटाने तोडून बघायची. आत बारीक पांढरा ठिपका दिसतोय तोवरच उतरवायची. लगेच गार पाण्याखाली धरायची, म्हणजे वरची पिठी धुऊन जाते. चमचाभर तेल चोळायचं आणि परातीत पसरून पंख्याखाली ठेवायची. मी तर दुपारीच उकडून ठेवते. सुकी नूडल आणि धूर येणारी लोखंडी कढई. ते तुमचं नॉनस्टिक त्या दिवशी फडताळातच राहू दे."

मी मनातल्या मनात माझी नवी कोरी नॉनस्टिक कढई झाकून टाकली.

"सोया सॉस पण वरून ओतलात असणार."

"मग कुठून ओततात?"

"कढईच्या कडेने. चर्र झालं पाहिजे. त्या चर्रमध्येच तर गाडीवरचा वास आहे. सॉस खारटच असतो, म्हणून मीठ शेवटी आणि चवीपुरतंच. व्हिनेगरचे चार थेंब गॅस बंद केल्यावर."

"अजिनोमोटो?"

"मी नाही घालत. तसं त्यात काही जगावेगळं नाही म्हणे. एका जपानी प्रोफेसरने १९०८ साली समुद्रातल्या शेवाळातून ती चव शोधून काढली. पण आपल्याकडे सोडे आहेत की! चार सोडे भाजून, कुटून टाकते. वासावरून आमचे हे स्वयंपाकघरात दोनदा फेरी मारतात."

पलीकडच्या बंगल्यातली सूनबाई दोरीवर कपडे घालत होती. काकूंनी आवाज खाली आणला. "तिने परवा मांचुरियन केलं. विचारते कशी, काकू, हे चीनमध्ये कुठल्या गावचं? म्हटलं, मुंबईचं गं बाई! नेल्सन वांग म्हणून कलकत्त्याचे चिनी गृहस्थ होते, त्यांनी १९७५ साली मुंबईतल्या क्रिकेट क्लबात पहिल्यांदा केलं. आलं, लसूण, हिरवी मिरची आपलीच, नुसता गरम मसाल्याऐवजी सोया सॉस. तिला पटलंच नाही."

"आणि हक्का नूडल्स?"

"हक्का ही तिकडच्या लोकांची एक जमात. कलकत्त्यात येऊन राहिले, टांगऱ्याला चामड्याचे कारखाने काढले. त्यांच्या घरचं खाणं आपल्या मिरचीशी सोयरीक जुळवून बसलं. आपली ही चायनीजची गाडी त्याच सोयरिकीतली."

"पण शेजवान तर खरं चिनी ना?"

काकू जरा थांबल्या. मुलाचा विषय निघणार असला की त्या अशाच थांबतात.

"आमचा मोठा कंपनीच्या कामाने तीन महिने चेंगदूला होता. ते सिचुआनमध्येच आहे, तोच तुमचा शेजवान प्रांत. तिथे जाऊन याने ऐटीत शेजवान नूडल्स मागितल्या. कोणाला कळेचना. तिथे दानदान नूडल्स मिळतात. दान म्हणजे कावड, पूर्वी फेरीवाले खांद्यावर कावड टाकून विकायचे. लालभडक तेलात घोळलेल्या. पहिल्या घासाला तिखट लागलं, तिसऱ्या घासाला ओठच नाहीसे झाले म्हणाला. फोनवर बोलायचा तर जीभ जड. मी घाबरले हो, म्हटलं पोराला झालं काय!"

"मग?"

"येताना पुडी घेऊन आला. थांबा, दाखवते."

आत जाऊन त्या एक डबी घेऊन आल्या. आत तांबूस, सुरकुतलेली, चोच वासल्यासारखी उकललेली इवली फळं. "हुंगा."

हुंगलं. संत्र्याची साल नखाने खरवडावी तसा वास, मागून किंचित लाकडाचा. ओळखीचा वास, पण कुठला ते आठवेना.

"बांगड्याचं तिखलं," काकू म्हणाल्या.

"तिरफळ!"

"सख्खं नाही, चुलत. झाड वेगळं, पण कूळ एकच, लिंबाचं. ते काटेरी, आपलंही काटेरी. तेही आतली काळी बी टाकून नुसतं टरफल घेतात, आपणही तेच करतो. माझं माहेर मालवणचं, माझा जन्म तिरफळात गेला आणि हा पोरगा मला चीनहून तिरफळ आणून दाखवतोय! मिरची काय, ती मागाहून आली, त्यांच्याकडेही आणि आपल्याकडेही. पण हे झिणझिणणं त्यांचं मूळचं. आणि बघा गंमत, आपल्या बाटलीतल्या शेजवान चटणीत सगळं आहे, लसूण आहे, मिरची आहे, व्हिनेगर आहे. तेवढं हेच नाही."

आता मात्र मीच गडग्यावर कोपरं टेकली. "चटणी कशी करता?"

"बेडगी मिरची रंगाला, चार लवंगी झणक्याला. बिया झटकून गरम पाण्यात तासभर भिजवायची आणि गंध वाटावी तशी वाटायची. मूठभर लसूण आणि बोटभर आलं मात्र बारीक चिरायचं, वाटायचं नाही. तेल सढळ. इथे गॅस मंद हं, इथे घाई केलीत की कालचा ठसका. तेल सुटेपर्यंत हलवत बसायचं, मग मीठ, चिमूट साखर, व्हिनेगर. आणि उतरवल्यावर चार तिरफळं कुटून. पाचवं नको, कडवट होतं."

तेवढ्यात त्यांच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली. डबीतली चिनी तिरफळं त्यांनी परत आत नेली, ती काही मिळाली नाहीत. पण स्टीलच्या छोट्या डब्यात आपली काळपट मालवणी तिरफळं भरून डबा गडग्यावर ठेवला.

"संध्याकाळी करा. आणि डबा रिकामा परत पाठवू नका."

मी वळले. पायात तांबडी कोंबडी घोटाळत होती, आणखी मिळेल या आशेने. स्वयंपाकघराच्या दाराशी पोचते तोवर मागून हाक आली.

"अहो, बिया काढा हो त्याच्या! नाहीतर दातात रेती आल्यासारखं होईल, आणि नाव माझं जाईल!"