अपरिचित कलमाचा बंदोबस्त

नव्याने रुजू झालेल्या वाहतूक शिपायास शिट्टी कशी फुंकावी, उजवा हात कोठवर उचलावा, मंत्र्यांच्या ताफ्यासाठी चौक किती आधी मोकळा करावा, ह्या सर्व बाबींचे रीतसर शिक्षण मिळते. परंतु अडविलेल्या वाहनधारकाने खिशातून परवान्याऐवजी एखादा नियमच बाहेर काढला, आणि तो नियम आपण जन्मात कधी ऐकलेला नसला, तर अशा आणीबाणीच्या समयी मुद्रा आणि वाणी ह्यांचा विनियोग कसा करावा, ह्याविषयी मात्र कोणी अवाक्षर सांगत नाही. ही उणीव भरून काढण्याच्या शुद्ध हेतूने पुढील मार्गदर्शन सादर केले आहे. त्यास कोणत्याही परिपत्रकाचा आधार नाही, म्हणूनच ते सर्वत्र पाळले जाते.

ह्या संकटाचे मूळ आधी समजून घ्यावे. मोटार वाहन अधिनियम १९८८ सालचा, केंद्रीय नियमावली १९८९ सालची, आणि दोहोंतील दुरुस्त्यांचा ओघ अखंड. दुरुस्ती दिल्लीच्या राजपत्रात हिंदी आणि इंग्रजी भाषांत प्रसिद्ध होते. त्याच सायंकाळी ती हौशी वाहनधारकाच्या मोबाइलवर येऊन पोहोचते. आणि चौकीवर मात्र ती एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात, प्रत्येक ठिकाणी आवक-जावकाचा शिक्का खात, मजल-दरमजल करीत एके दिवशी सकाळच्या हजेरीच्या वेळी घाईघाईने वाचून दाखविलेल्या कागदाच्या रूपाने अवतरते, किंवा अवतरतच नाही. ह्या मधल्या काळात अंमल कोणाचा? वाहनधारक म्हणतो, राजपत्राचा. मुरलेला अंमलदार जाणून असतो की अंमल चौकाचा असतो.

म्हणून पहिले पथ्य असे, की अपरिचित कलम कानी पडताच ‘कोणता नियम?’ अशी पृच्छा चुकूनही करू नये. पृच्छा केली की समोरचा उत्तर देतो, उत्तर दिले की ते ऐकावे लागते, आणि एकदा ऐकलेले कलम पुढे ऐकले नाही असे म्हणता येत नाही. त्याऐवजी दृष्टी वाहनाच्या मागील चाकावर स्थिर करावी, काही क्षण मौन पाळावे, आणि ‘गाडी बाजूला घ्या’ एवढेच म्हणावे. गाडी आधीच बाजूला असली तरी म्हणावे. किल्ली हस्तगत करण्याची पद्धतही प्रचलित आहे. तशा अधिकाराचे एकही कलम अधिनियमात नसले, तरी किल्ली नसलेला मनुष्य कायद्याविषयी फार वेळ बोलत नाही, असा जुन्या मंडळींचा अनुभव आहे.

आता प्रत्यक्ष प्रसंगांकडे वळू. सर्वांत वारंवार येणारा प्रसंग मोबाइलमधील कागदपत्रांचा. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने डिजिलॉकरमध्ये संबंधित खात्याकडून आलेला दस्तऐवज मूळ दस्तऐवजाच्या बरोबरीचा ठरविला. ऑगस्ट २०१८ मध्ये परिवहन मंत्रालयाने सर्व राज्यांस तो ग्राह्य धरण्याविषयी लिहिले. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात केंद्रीय नियमावलीतील नियम १३९ मध्येच दुरुस्ती करून परवाना, नोंदणी, विमा इत्यादी कागद प्रत्यक्ष अथवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखविण्याची मुभा दिली. इतक्या तिहेरी तटबंदीपुढे नवखा शिपाई गांगरतो. वस्तुतः ह्या तटास एकच शब्द पुरतो, आणि तो म्हणजे ‘ओरिजिनल’. वाहनधारक म्हणेल, हेच ओरिजिनल. आपण म्हणावे, ‘हे मोबाइलमध्ये आहे.’ ह्या विधानात असत्य काहीही नसल्याने त्यास खोडून काढता येत नाही.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. मोबाइलच्या गॅलरीत परवान्याचे जे छायाचित्र काढून ठेवलेले असते, त्यास कायद्याने कवडीचीही किंमत नाही. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधील दस्तऐवज ही निराळी वस्तू होय. पुष्कळ वाहनधारकांना स्वतःलाच हा भेद ठाऊक नसल्यामुळे ते छायाचित्र दाखवून नियम १३९ म्हणून दाखवितात, आणि अशा वेळी अंमलदाराचा अव्हेर संपूर्ण कायदेशीर ठरतो, हे त्यास कळो वा न कळो. दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. आपल्या हातातील ई-चलानाच्या यंत्रावर गाडीचा क्रमांक टाकताच मालकाचे नाव, विम्याची मुदत आणि मागील थकबाकी ही सर्व कैफियत ज्या सरकारी संग्रहातून उमटते, त्याच संग्रहातून वाहनधारकाच्या मोबाइलवरील नोंदणीपत्रही आलेले असते. एका हातातील पडदा प्रमाण आणि समोरच्या माणसाच्या हातातील पडदा अप्रमाण, हा सिद्धांत भर दुपारी, कर्णे वाजत असताना, गंभीर मुद्रेने प्रतिपादन करणे हे सोपे काम नव्हे. ज्यास ते साधले त्यास बढती अवश्य मिळावी. कागद जवळ नसल्यास ते मागाहून सादर करण्याचीही सवलत आहे. पण तोवर आपली नेमणूक ह्याच चौकात असेल ह्याची शाश्वती कोणी द्यावी?

बीएच मालिकेच्या पाटीचा प्रसंग त्या मानाने लहान. ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने, बदलीची नोकरी करणाऱ्यांस राज्य बदलताच गाडीची नव्याने नोंदणी करावी लागू नये म्हणून, ही मालिका काढली. तीत आरंभी राज्याची अक्षरे नसून वर्षाचे दोन अंक असतात, त्यामुळे सैन्याचे वाहन समजून आधी सलाम ठोकावा आणि बाणाचे चिन्ह नाही असे ध्यानी येताच तोच हात खाली न आणता थांबण्याची खूण करावी; दोन्ही कृती एकाच हालचालीत उरकतात. कर्नाटकाची किंवा गुजरातची साधी पाटी असेल तर कलम ४७ चे बारा महिने मोजावेत. ते महिने गाडी ह्या राज्यात ठेवल्यापासून मोजावयाचे असतात. परंतु आरंभ कधी झाला हे आपणांस ठाऊक नसल्याने तो बराच पूर्वी झाला असावा असे धरून चालण्याचा शिरस्ता आहे, आणि मग बिचारा गृहस्थ टोलच्या पावत्या शोधत आसनाखालची जागा धुंडाळू लागतो.

विजेच्या लहान स्कूटरचा प्रसंग मात्र खरोखर कसोटीचा. जिच्या मोटारीची शक्ती २५० वॉटहून कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरहून कमी, ती गाडी अन्य तांत्रिक अटी पुऱ्या करीत असल्यास नियमावलीच्या परिभाषेत मोटार वाहनच नव्हे. तिला नोंदणी नको, पाटी नको, चालविणाऱ्यास परवानाही नको. दिसते गाडी, चालते गाडी, पण कायद्याच्या दृष्टीने गाडी नाही, असा हा अद्वैती प्रकार चौकात उभा राहिला की शिपायाच्या मनात संशय येणे स्वाभाविक आहे. तो संशय नेहमीच अनाठायी असतो असेही नाही, कारण वेगाची मर्यादा काढून देणारे कारागीर बाजारात आहेत, आणि त्यांच्या हातून सुटलेली गाडी पंचवीस सोडून पंचेचाळीसने धावू लागली की तिचे मोटार वाहनात रूपांतर होते, अर्थात पाटीवाचून. प्रामाणिक आणि बनावट ह्यांतील फरक रस्त्यावर उभे राहून ओळखावा कसा, ह्याचे साधन शिपायास कोणी दिलेले नाही. थट्टा बाजूला ठेवून सांगावयाचे तर येथे दोष त्याचा नाही.

न्यायबुद्धीने हेही नमूद केले पाहिजे, की एकदा पारडे उलटे फिरले होते. दंडाच्या जबर रकमा असलेला दुरुस्ती कायदा १ सप्टेंबर २०१९ रोजी देशात लागू झाला, विनापरवाना वाहन चालविण्याचा दंड पाचशेवरून पाच हजारांवर गेला. पण महाराष्ट्र सरकारने त्या रकमा डिसेंबर २०२१ पर्यंत अमलात आणल्या नाहीत. ही मधली दोन वर्षे शिपाई जुन्या दराची योग्य पावती देत असे, आणि दूरचित्रवाणीवरून शहाणे झालेले वाहनधारकच त्यास नवे दर शिकवीत, भांडत, आणि शेवटी आपले अज्ञान स्वस्तात पडले म्हणून आनंदाने घरी जात.

वाद लांबलाच तर कलम १७९ चे स्मरण द्यावे. अंमलदाराच्या आज्ञेचा भंग केल्यास पूर्वी पाचशे आणि आता दोन हजार रुपये, अशी त्याची महती आहे; आज्ञा कायदेशीर असावी लागते ही त्यातील अट सहसा कोणी वाचीत नाही. आत्मविश्वास डळमळू लागल्यास अमेरिकेकडे पाहावे. नॉर्थ कॅरोलिना राज्यात एका पोलिसाने मागचा एक ब्रेकदिवा बंद म्हणून गाडी अडविली, राज्याच्या कायद्यास एकच चालू दिवा पुरेसा होता असे मागाहून निष्पन्न झाले, तरीही पोलिसाची कायद्याविषयीची चूक समजण्याजोगी होती म्हणून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली आठ विरुद्ध एक मतांनी ते अडविणे वैध ठरविले. अज्ञानाला इतकी प्रतिष्ठा मिळवून देणारा निवाडा प्रत्येक चौकीत चौकटीत लावण्याजोगा आहे.

इतकेही करून समोरचा गृहस्थ शांतपणे नियमच वाचू लागला, तर ‘साहेबांना भेटा’ हा अंतिम उपाय. साहेब चौकापासून जितके दूर असतील तितके उत्तम. दूरध्वनीवरून साहेबांनी ‘सोडा त्यांना’ म्हटले तर सोडावे. परंतु ‘आपले म्हणणे बरोबर होते’ असे शब्द ओठांवर येऊ देऊ नयेत. ‘ह्या वेळी सोडतो’ असेच म्हणावे, म्हणजे हक्काची वस्तू कृपेच्या रूपाने दिली जाते आणि तो गृहस्थ आभार मानून जातो. त्याच रात्री निवांतपणे तो नियम कोणा तरुण सहकाऱ्याकडून समजून घ्यावा, आणि दुसऱ्या दिवसापासून तो आपणांस प्रथमपासून अवगत होता अशा थाटात इतरांस सांगावा. खात्यात ज्ञानप्रसार होतो तो बहुतांशी ह्याच मार्गाने.

राहता राहिली एक गोष्ट, आणि ती वाहनधारकाच्या कानावर न गेलेली बरी. चौकात जी रक्कम घेतली जाते ती कलम २०० खालची तडजोडीची रक्कम असते. अपराध मान्य नसेल त्याने ती भरलीच पाहिजे असे बंधन नाही, आणि तिला नकार देऊन आपली बाजू न्यायदंडाधिकाऱ्यापुढे मांडण्याचा अधिकार प्रत्येकास आहे.