तात्यांचं दप्तर

निवृत्त तलाठ्याच्या हातून दप्तर सुटतं, डोक्यातून सुटत नाही. आमच्या सोसायटीतल्या तात्यांनी हयातभर माणसांच्या वारसनोंदी केल्या. आता झाडांच्या करतात. फूल बघून नुसतं ‘वा!’ म्हणणारा त्यांना उथळ वाटतो. त्यांचा पहिला प्रश्न, ‘घराणं कुठलं?’

सध्या प्रकरण चालू आहे अरेलिएसी घराण्याचं. लिफ्टशेजारच्या कुंडीपाशी ते जाणाऱ्या-येणाऱ्याला अडवतात. चष्मा कपाळावर सरकवून एक पान तळहातावर पसरतात. एकाच देठाच्या टोकाला छत्रीच्या काड्यांसारख्या आठ पर्णिका. “ही आठ पानं नव्हेत बरं का! गट एक, पोटहिस्से आठ. आणि याला शेफ्लेरा म्हणू नका. २०२० साली फेरफार झाला, आशियातली ही मंडळी हेप्टाप्लूरमच्या नावावर गेली. नर्सरीवाल्यांनी अजून अंमल दिलेला नाही, त्याला मी काय करू?”

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची, याच घराण्यातली आयव्ही शेजाऱ्यांच्या भिंतीवर चढली, तेव्हा तक्रार थेट तात्यांकडे आली. त्यांनी स्टुलावर चढून पंचनामा केला. “या मुळ्या फक्त चिकटायच्या, रस प्यायच्या नाहीत. अन्नपाणी स्वतःच्याच कुंडीतलं. अतिक्रमण आहे, चोरी नाही. रंगाचे पोपडे निघाले, तर मात्र भरपाई द्यावी लागेल.”

याच आयव्हीचं फ्रान्समधल्या नांत शहरात घराण्यातल्याच फॅट्सियाशी सूत जुळलं आणि १९१२ साली फॅट्सहेडेरा जन्मला, हे सांगताना तात्यांचा चेहरा खुलतो. बिचारा बी धरत नाही, छाट कलमांवरच चालतो. “म्हणजे वारसनोंदीचा प्रश्नच नाही. मूळ खातेदारच अजून हयात!”

घराण्यातला बडा खातेदार जिनसेंग. मुक्काम कोरिया, मांडवाच्या सावलीत सहा-सहा वर्षं लाडाने वाढवलेलं मूळ. त्याचा अमेरिकेतला चुलतभाऊही कमी नाही. १७८४ साली न्यूयॉर्कहून ‘एम्प्रेस ऑफ चायना’ जहाज चीनला निघालं, त्यात म्हणे तोच सुमारे तीस टन भरला होता. “आणि कोथिंबीर, गाजर ही यांची शेजारची भावकी,” असं सांगून तात्या भाजीच्या पिशवीलाही इज्जत देतात.

परवा सेक्रेटरी हौसेने डबी घेऊन आले. वर ठळक अक्षरांत, ‘इंडियन जिनसेंग’. तात्यांनी डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचली आणि सुनावणी सुरू झाली.

“अश्वगंधा! ही वांग्याच्या घराण्यातली. बटाटा, टोमॅटो तिचे भाऊबंद. जिनसेंगशी संबंध काय? अमेरिकेने २००२ सालीच कायदा केला, पॅनॅक्स, म्हणजे खऱ्या जिनसेंगची प्रजाती, नसेल तर लेबलावर जिनसेंग लिहायचं नाही. सायबेरियन जिनसेंग तर जिनसेंगच्याच घराण्यातलं, तरी पॅनॅक्स नाही म्हणून त्याचंही नाव कमी केलं. अहो, आयुर्वेदात अश्वगंधेची स्वतःची वडिलोपार्जित मिळकत आहे. तिला परक्याच्या सातबाऱ्यावर कशाला चढवता?”

सेक्रेटरींनी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, “ते सगळं खरं तात्या, पण गोळ्या घेऊ की नको?”

तात्यांनी डबी त्यांच्या हातात ठेवली.

“ते आमच्या खात्यात येत नाही. डॉक्टरकडे अर्ज करा.”