एकमेकाका

१ मे उजाडला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी महाराष्ट्राचा नकाशा टाकतं. मागे सह्याद्री, वर भगवा आणि खाली ठळक अक्षरांत ‘महाराष्ट्र दिनाच्या हार्दिक शुभेच्छा’. मिनिटभरात त्याखाली उत्तर पडतं : ‘मनःपूर्वक आभार. आम्ही उभयता.’

उत्तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं. नव्या भाडेकरूंना वाटतं, म्हातारबुवांनी भलत्याच ग्रुपवर भलतंच टाकलं. मग कोणीतरी त्यांना लिफ्टपाशी गाठून सांगतं की काकांचं लग्न १ मेला झालंय, आणि महाराष्ट्र दिन म्हणजे त्या लग्नाच्या वाढदिवसाची शासनाने जाहीर केलेली सुट्टी आहे, अशी त्यांची समजूत आहे. ती काढायला आम्ही कोणी जात नाही. तशी काढता येईल असा मुद्दाही आमच्याकडे नाही.

सार्वजनिक सुट्टीला बोहल्यावर चढलेल्या माणसांची जातच निराळी. २६ जानेवारीवाले सकाळपासून टीव्हीसमोर संचलन लावून बसतात आणि रणगाडा गेला की बायकोकडे बघून मिशीत हसतात. १५ ऑगस्टवाल्यांकडे एकच विनोद असतो. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी मी पारतंत्र्यात गेलो, हा. तो ते आयुष्यभर पुरवतात, आणि बायको दर वर्षी तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसते. ज्या वर्षी ती हसणार नाही, त्या वर्षी या गृहस्थांनी जपून राहावं. अक्षय्य तृतीयेवाल्यांची तारीख इंग्रजी कॅलेंडरात सारखी पळत असते, त्यामुळे नवं कालनिर्णय भिंतीवर लागेपर्यंत ते बायकोला कसलाच शब्द देत नाहीत. पण १ मेवाल्याचा थाट या कुणाला नाही. तारखेतच जोडपं बसलेलं : एक मे. आमच्या इमारतीतली पोरं त्यांना एकमेकाका म्हणतात, काकूंना एकमेकाकू. दोघं मिळून अर्थातच एकमेक.

काका गिरगावातल्या चाळीतले, सरकारी नोकरीतले. काकू गुजराती, माहेर उंबरगाव. खरी गंमत इथे आहे, आणि ती काका कोणालाही, म्हणजे गॅसची टाकी द्यायला आलेल्या मुलालाही, पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. १ मे १९६० ला द्वैभाषिक मुंबई राज्य मोडलं, एकीकडे महाराष्ट्र झाला, दुसरीकडे गुजरात. त्या वाटणीत ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला. “सरकारला जे राखता आलं नाही,” काका इथे थांबून चष्मा पुसतात, “ते उंबरगाव मी १९८५ साली परत आणलं.”

आतून काकूंचा आवाज येतो, “आणि डांग?”

डांग हा काकांचा दुखरा कोपरा. डांगही तेव्हाच गुजरातकडे गेलं आणि ते परत आणण्याचा काही मार्ग काकांपाशी नव्हता. एका माणसाने लग्नं तरी किती करावीत?

काकूंचं म्हणणं वेगळं. त्यांचे वडील जन्मले ठाणे जिल्ह्यात, वारले वलसाड जिल्ह्यात, मधे काही वर्षं सुरत जिल्ह्यात होते, आणि या सगळ्या काळात त्यांनी घर एकदाही बदललं नाही. “माणूस ओसरीवर बसलेला तसाच. जिल्हेच येत-जात होते,” काकू म्हणतात. त्यांच्याकडे वडिलांचं एक जुनं पोस्टकार्ड आहे. पत्त्यात ‘जि. ठाणा’ लिहून खोडलंय, वर ‘सुरत’ लिहिलंय, आणि तेही घाईत लिहिल्यामुळे पोस्टमननेच दुरुस्त केल्यासारखं दिसतं. मराठी काकूंना घरातल्यासारखी येते, कारण उंबरगावात ती घरातलीच होती. चिडल्या की मात्र गुजरातीत जातात, आणि मग काका राज्य पुनर्रचनेचं बोलणं बंद करून भाजी आणायला जातात.

लग्न सहज झालं नाही. काकांचे वडील २१ नोव्हेंबर १९५५ च्या मोर्चात फ्लोरा फाउंटनला होते. गोळीबार झाला, माणसं पडली, आणि वडील पळापळीत एकाच पायात चप्पल घेऊन गिरगावात पोचले. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभरावर माणसांनी जीव दिला, त्यापुढे आपली चप्पल ती काय, असं ते म्हणायचे. पण उरलेली चप्पल त्यांनी टाकली नाही. ती अजून काकांच्या माळ्यावर बुटांच्या खोक्यात आहे. मी पाहिली आहे. कातडं वाळून पापडासारखं झालंय आणि अंगठा मात्र शाबूत. तर पोराने गुजराती मुलगी पसंत केल्याचं कळल्यावर वडिलांनी ती चप्पल खोक्यातून काढून दारात ठेवली आणि एवढंच विचारलं, “त्यांना मुंबई दिली नाही, मुलगा देऊ होय?”

तिकडे उंबरगावात सासरे ओसरीवर बसून म्हणत होते, “मुंबई तो गयुं, हवे छोकरी पण?” आणि दुखणं त्यांच्याही बाजूला होतंच. महागुजरातच्या मागणीसाठी १९५६ साली अहमदाबादेत पोरं गोळीबारात गेली होती, हे आपल्याकडे फारसं कोणी आठवत नाही. मलाही ते काकूंकडूनच कळलं.

शेवटी तोडगा निघाला तो तारखेवर. १ मे हा दोन्ही राज्यांचा स्थापना दिवस, तेव्हा कोणी कोणाकडे आलं असा प्रश्नच नाही, असं सासऱ्यांनी सुचवलं आणि वडिलांनी मान्य केलं. हा काकांचा अधिकृत इतिहास. काकू खासगीत सांगतात की काकांची रजा संपली होती, १९८५ साली १ मे बुधवारी आला होता, आणि भर वैशाखात त्या दिवशी हॉल रिकामा मिळाला कारण सगळ्यांना शनिवार-रविवार हवे होते. मुहूर्त काढीव. शाळांचे निकाल त्याच सकाळी, त्यामुळे पंगतीला निम्मी पोरं हातात प्रगतिपुस्तक घेऊन आली, आणि एका नापास झालेल्या भाच्याने जिलेब्यांवर असा राग काढला की दुसऱ्या पंगतीला जिलेबी पुरली नाही.

त्या दिवशी महाराष्ट्राला पंचवीस वर्षं होत होती. राज्याचा रौप्यमहोत्सव आणि काकांची वरात एकाच रस्त्यावर. रोषणाई कोणाची आणि कोणासाठी, हा घोळ काकांच्या डोक्यात तेव्हाच झाला असावा. पुढे २०१० साली राज्याचा सुवर्णमहोत्सव आला आणि नेमका काकांचा रौप्यमहोत्सव. आता यात एखाद्याचं डोकं फिरलं तर त्याला दोष कसा द्यायचा?

त्यांचा आल्बम बघण्यासारखा आहे. लग्नाचे फोटो पहिल्या आठ पानांवर. पुढे १९८६ पासून दर वर्षीची १ मेची सरकारी जाहिरात, वर्तमानपत्रातून कापून, चारी कोपऱ्यांना डिंक लावून डकवलेली. मुख्यमंत्री हसताहेत, खाली हार्दिक शुभेच्छा. “मुख्यमंत्र्यांनी एक वर्ष चुकवलं नाही,” काका पान उलटत सांगतात. “लग्न झालं तेव्हा वसंतदादा होते. महिन्याभरात त्यांनी खुर्ची सोडली. मग निलंगेकर आले, शंकरराव आले, पवार आले. इतके बदलले, आमचं मंत्रिमंडळ तेच.”

“खातंही तेच,” काकू म्हणतात. “स्वयंपाक.”

पंचविसाव्या वाढदिवसाला मुलाने हॉटेलात पार्टी ठरवली. काकांचे जुने सहकारी, त्यांतले दोघेतिघे वर्षभर या संध्याकाळकडे डोळे लावून बसलेले. आणि वेटरने पेल्यांत आणलं कोकम सरबत. महाराष्ट्र दिन, ड्राय डे! ज्या माणसाला आपला वाढदिवस राज्य साजरा करतं याचा एवढा अभिमान, त्याच्या हे कधी लक्षात आलं नव्हतं, कारण तोवर सगळे वाढदिवस घरी आमरसावर झाले होते. सहकाऱ्यांचे चेहरे पाहून काकू म्हणाल्या, “आमच्याकडे राज्य झालं तेव्हापासून ३६५ दिवस बंदी आहे. तुमच्याकडे एक दिवस, तो पण जड जातो?” एकाने ते कोकम असं डोळे मिटून घेतलं की त्याच्या कल्पनाशक्तीला दाद द्यावी.

पण या घरातला खरा सीमाप्रश्न पुरणाचा. काकांना पुरणपोळी हरभऱ्याच्या डाळीची लागते, सोबत कटाची आमटी. काकूंच्या माहेरी पुरण तुरीच्या डाळीचं, पोळी लहान आणि तुपात बुडालेली. तिला त्या वेडमी म्हणतात. पहिल्या वर्षी सासूबाईंनी वेडमी तोंडात घातली आणि “छान आहे, पण ही पुरणपोळी नव्हे” असा निकाल दिला. तेव्हापासून चाळीस वर्षं १ मेला दोन पातेली चढतात. डावीकडे हरभरा, उजवीकडे तूर. आमरसातही तेच. काकांचा हापूस देवगडचा, आणि त्यात साखरसुद्धा नको. काकू स्वतःच्या वाटीत चिमूटभर सुंठ आणि थोडं तूप घालतात, आणि काका त्या वेळी खिडकीबाहेर बघतात. केसर आंबा या घरात येतो, पण तो मे अर्धा सरल्यावर, वाढदिवस होऊन गेल्यावर. काकूंच्या मते निसर्गही महाराष्ट्राच्या बाजूने आहे.

हे सगळं करायला काकू पहाटे साडेचारला उठतात. चाळिसावी सालगिरह होती त्या सकाळी, म्हणजे २०२५ साली, मी वाटी परत द्यायला वर गेलो तेव्हा काका सोफ्यावर पेपर पसरून कात्रीने जाहिरात कापत होते आणि काकू पुरणयंत्राचा दांडा फिरवत होत्या. मी दोघांना नमस्कार केला आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “काकू, आज काय, महाराष्ट्र दिन, गुजरात दिन आणि लग्नाचा वाढदिवस. तिहेरी!”

“चौथा राहिला,” काकू म्हणाल्या. “कामगार दिन.” पदराने कपाळ पुसलं. “महाराष्ट्र दिन यांचा. गुजरात दिन माझ्या भावांचा, ते जेवायला येणार. वाढदिवस पेपरवाल्यांचा. आणि कामगार दिन आपला.”

काकांची कात्री थांबली. चाळीस वर्षांत हा चौथा दिवस त्यांच्या हिशेबात कधी आलाच नव्हता. १ मे म्हणजे सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे सगळ्यांना, असं त्यांनी धरून ठेवलेलं. ते काही बोलले नाहीत. जाहिरातीचा एक कोपरा मात्र त्यांच्याकडून वाकडा कापला गेला.

मधे २०२० आठवतं. महाराष्ट्राची साठ वर्षं, काकांची पस्तीस, आणि सगळं बंद. उंबरगावचे मेहुणे राज्याच्या हद्दीपलीकडे अडकलेले. ती हद्द खरंच हद्द असते हे या घराला पहिल्यांदा जाणवलं. त्या दिवशी काकूंनी एकच पातेलं चढवलं. तुरीचं. काका निमूट जेवले. मला बाल्कनीतून ओरडून सांगितलं, “छान आहे!” पुढचं आईचं वाक्य त्यांनी गाळलं.

तर चाळिसावीच्या रात्री पाहुणे गेले आणि मी राहिलेल्या वेडम्यांचा डबा घ्यायला गेलो. काकू पाय स्टुलावर टाकून खुर्चीत बसल्या होत्या. आल्बम टीपॉयवर उघडा, नवी जाहिरात डकवलेली, एक कोपरा वाकडा. आणि काका लुंगी खोचून ओट्यापाशी उभे, हातात घासणी, समोर पुरणयंत्र. त्याच्या भोकांतून अडकलेलं पुरण निघता निघत नव्हतं. सकाळी आधी हरभरा काढला होता, मग तूर. आता सगळं एक झालेलं.

“कडेला राहिलंय अजून,” काकू खुर्चीतून म्हणाल्या.

काकांनी पुरणयंत्र ट्यूबलाइटकडे धरून एक डोळा मिटला. “कुठे? मला तर काही दिसत नाही.”

“डांगात.”