एकपगारी गृहस्थ

महाराष्ट्रातील शहरी मध्यमवर्गाचे निरीक्षण करणाऱ्यांनी चाकरमानी, पेन्शनर, अनिवासी आणि सोसायटीचा सेक्रेटरी या प्रकारांची यथायोग्य दखल घेतली असली, तरी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुण्याच्या पश्चिम अंगाला, म्हणजे वाकड, बाणेर, बालेवाडी आणि पिंपळे सौदागर या पट्ट्यात, उदयाला आलेल्या एका प्रकाराकडे त्यांचे दुर्लक्षच झाले आहे. तो प्रकार म्हणजे एकपगारी गृहस्थ. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, पेशा संगणक अभियंत्याचा, हुद्दा असा की त्याचा अर्थ आईला पंधरा वर्षांत समजावून देता आलेला नाही, आणि घरात कमावणारा एकटाच. ज्याच्या घरात पगार एकच येतो, परंतु तो किती मोठा आहे हे सर्व नातेवाइकांना तोंडपाठ असते, तो एकपगारी, अशी त्याची व्याख्या करता येईल. व्याख्येचा उत्तरार्ध महत्त्वाचा आहे, कारण एकाच्या कमाईवर चालणारी घरे या देशात असंख्य असून त्यांना कोणी एकपगारी म्हणत नाही. त्यांना गरीब म्हणतात.

हा गृहस्थ ओळखावा कसा, तर लग्नकार्यात. पंगत उठल्यावर एखादी आत्या त्याच्या बायकोला “हल्ली काय करतेस गं?” असे विचारते, बायको तोंडातला विडा गालात सरकवून उत्तर द्यायच्या बेतात असते, आणि तेवढ्यात हा मधूनच म्हणतो, “आमचं ठरवून आहे, आत्या. एकाच्या पगारात भागतं.” ‘ठरवून’ या क्रियाविशेषणाचा कर्ता कोण, हे वाक्यात कधीच येत नाही. बायको पदव्युत्तर शिक्षण घेतलेली, लग्नाआधी आणि लग्नानंतर सहा वर्षे चांगल्या नोकरीवर असलेली असते. दुसरे मूल झाले, त्याच वर्षी सासूबाईंचा खुबा मोडला, पाळणाघर संध्याकाळी सहाला बंद होत असे आणि हिंजवडीच्या पुलावरची कोंडी सहाला सुटत नसे, या चार गोष्टी एकाच पावसाळ्यात जमून आल्या आणि त्या योगाला पुढे कुटुंबात ‘ठरवून’ असे नाव पडले.

त्याचा पगार नात्यागोत्यात ‘बत्तीस लाख’ या नावाने ओळखला जातो. ही रक्कम म्हणजे कंपन्या जिला ‘सीटीसी’ म्हणतात ती, अर्थात त्या माणसापायी कंपनीला वर्षाकाठी येणारा एकूण खर्च. आणि बैल सांभाळायला येणारा खर्च ही बैलाची कमाई नव्हे, हे शेतकऱ्याला जितके सहज कळते तितके मावससासऱ्यांना कळत नाही. मूळ वेतन निम्मे, म्हणजे १६ लाख, धरले तर त्याच्या १२ टक्के, म्हणजे १ लाख ९२ हजार, कंपनी भविष्यनिर्वाह निधीत भरते. सुमारे ७७ हजार ग्रॅच्युइटीच्या नावाने बाजूला पडतात, आणि ही ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षे एका जागी चिकटून राहिल्यावाचून पदरात पडत नाही. आणखी दहा टक्के, म्हणजे ३ लाख २० हजार, ‘व्हेरिएबल’ असतात, म्हणजे कंपनीचे बरे चालले, साहेबाचे मन प्रसन्न राहिले आणि अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाने हात आखडता घेतला नाही, तर मिळण्यासारखे असतात. उरलेल्या २६ लाख ११ हजारांतून गृहस्थाच्या वाट्याचे १ लाख ९२ हजार पुन्हा त्याच निधीत जातात, २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीच्या दरांनी, ७५ हजारांची प्रमाणित वजावट देऊनही, सुमारे ३ लाख ५४ हजार आयकरापोटी कापले जातात, आणि महाराष्ट्र शासन व्यवसाय कर म्हणून अकरा महिने २०० रुपये व फेब्रुवारीत ३०० रुपये घेऊन वर्षाचे २५०० पुरे करते. (अठ्ठावीस दिवसांचा महिनाच शंभर रुपयांनी महाग का, या प्रश्नावर गृहस्थाने दर फेब्रुवारीत चिंतन केलेले आहे.) एवढे सोपस्कार आटोपल्यावर बँकेत दरमहा जे पडते ते सुमारे १ लाख ७२ हजार असते. बत्तीस लाखांना बाराने भागले असता सुमारे २ लाख ६७ हजार येतात, आणि या दोन आकड्यांतले ९५ हजारांचे अंतर म्हणजेच गृहस्थ आणि त्याची ख्याती यांच्यातले अंतर होय.

ही ख्याती त्याला महागात पडते. आहेराचे पाकीट ख्यातीच्या हिशेबाने भरावे लागते, गणपतीची वर्गणी मागायला येणारी मुले त्याच्या दारी पावतीपुस्तकाचे वेगळे पान उघडतात, आणि चुलतभावाला मोटारसायकलीसाठी हातउसने हवे असले की तो आधी “तुला काय, एका दिवसाचा पगार” अशी प्रस्तावना करतो.

आता घर. सदनिका १ कोटी १० लाखांची, त्यांपैकी ३० लाख स्वतःचे, म्हणजे आठ वर्षांची बचत, बायकोच्या नोकरीच्या काळातला निधी आणि वडिलांनी गावाकडचा जमिनीचा तुकडा विकून दिलेली रक्कम मिळून झालेले, आणि बाकीचे ८० लाख बँकेचे. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतलेल्या या कर्जाचा हप्ता ६९ हजार ४२६ रुपये बसतो, आणि २४० हप्ते फिटेपर्यंत बँकेला १ कोटी ६६ लाख ६२ हजार दिलेले असतात, म्हणजे मुद्दल ८० लाख आणि व्याज ८६ लाख ६२ हजार. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच व्यवहार. हप्ता वजा जाता हाती १ लाख २ हजार राहतात, त्यांतून सोसायटीचा मेंटेनन्स, दोन मुलांच्या शाळा व स्कूलबस, मोटारीचा हप्ता आणि ‘एसआयपी’, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा घातली जाणारी ठरावीक रक्कम, जिचा उल्लेख गृहस्थ देवपूजेच्या सुरात करतो, हे सर्व भागवून मग डाळ-तांदळाची पाळी येते.

समोरच्या दारात राहणारे दुपगारी जोडपे हे या गृहस्थाच्या आयुष्यातले खरे शल्य असून त्यामागे केवळ मत्सर नाही, आयकर कायदाही आहे. भारतात पगारावरचा कर आकारला जातो तो व्यक्तीवर, कुटुंबावर नव्हे. नवरा-बायको दोघांना प्रत्येकी १६ लाख वेतन असेल, तर प्रत्येकाचा कर उपकरासह १ लाख १३ हजार १०० आणि दोघांचा मिळून २ लाख २६ हजार २०० होतो. तेच ३२ लाख एकट्याच्या नावावर वेतन म्हणून आले, तर कर ५ लाख ३८ हजार २०० होतो. म्हणजे अंकगणितात सोळा आणि सोळा बत्तीस होत असले, तरी आयकरात ते होत नाहीत, आणि न होण्याची किंमत वर्षाला ३ लाख १२ हजार, अर्थात महिन्याला २६ हजार आहे. बायकोला पैसे देऊन तिच्या नावे ठेव ठेवावी म्हटले, तर त्या ठेवीचे व्याज पुन्हा नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते, कारण कायद्याने ही युक्ती गृहस्थाच्या आधीच ओळखून ठेवलेली आहे. हे गणित त्याने चहाच्या टपरीवर सहकाऱ्यांना, गच्चीवर शेजाऱ्यांना आणि एकदा दाढ काढत असलेल्या दंतवैद्याला समजावून सांगितले आहे. दंतवैद्याची पत्नीही दंतवैद्य असल्याने त्याला ते पटकन समजले.

गृहस्थाच्या वडिलांचाही पगार एकच होता, आणि तो याच्या पगाराच्या पासंगालाही पुरला नसता, तरी त्यावर आईवडील, दोन मुले, एक अविवाहित आत्या आणि वर्षातून दोन महिने शिकायला येऊन राहणारा भाचा यांचे निभावले, असा दाखला घरात वारंवार दिला जातो. दाखला खरा आहे, पण त्यातून निघणारे ‘तेव्हाची माणसे काटकसरी’ हे अनुमान अर्धेच खरे आहे. नारायण पेठेतल्या वाड्यातल्या दोन खोल्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या छायेत होत्या, भाडे वर्षानुवर्षे जागचे हलले नव्हते, शाळा अनुदानित होती, आणि वाड्याचा मालक दर दिवाळीला भाडेकरूंकडे पाहून सुस्कारा सोडण्यापलीकडे काही करू शकत नव्हता. थोडक्यात, वडिलांचा पगार पुरण्यात वाड्याच्या मालकाचा वाटा मोठा होता, आणि त्याचे ऋण घरात कोणी मानत नाही.

दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मोबाइल वाजतो आणि पगार जमा झाल्याचा संदेश येतो, त्या रात्री गृहस्थ संगणकावर आपला तक्ता उघडतो. तक्ता देखणा असतो. हप्ते निळ्या रंगात, गुंतवणूक हिरव्या, विमा पिवळ्या, आणि सर्वांत खाली ‘इतर’ नावाची एक करडी ओळ, जी दरमहा फुगते आणि गृहस्थाला वैताग आणते. “हे ‘इतर’ म्हणजे नक्की काय?” असे तो हाक मारून विचारतो. उत्तर स्वयंपाकघरात, फ्रिजवर ठेवलेल्या, रबराने बांधलेल्या वहीत असते. तिच्यात बायकोच्या बारीक अक्षरात नारळ, बाबांच्या डोळ्यांचे थेंब, मावशींना उचल, धाकट्याचा तिसरा हरवलेला डबा, गॅसवाल्याची दिवाळी, पिठाची गिरणी अशा नोंदी तारीखवार असतात. तक्त्यात जो संसार दिसतो तो गृहस्थाने योजलेला असतो, आणि प्रत्यक्षात जो चालतो तो ‘इतर’मध्ये असतो. वही त्याने आजवर उघडलेली नाही, कारण तीत रंग नाहीत.

वही उघडली असती, तर त्याला आणखी एक गोष्ट आढळली असती. दुधाचे बिल तीत नाही. वर्तमानपत्राचे नाही, थोरल्याच्या गणिताच्या क्लासचे नाही, दिवाळीतल्या फराळाच्या सामानाचेही नाही. ही सर्व बिले वडील आपल्या पेन्शनीतून परस्पर भागवतात, आणि मुलाला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून बोलत नाहीत. आंबेमोहोर गावाहून पोत्याने येतो, हळद-मसाले बायकोच्या माहेरून. शिवाय घरात एक दुसरी पूर्णवेळ नोकरी चालू असते, जिला सुटी, बढती आणि वेतन यांपैकी काहीच नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे आणि तेच करणारे पुरुष ८८ मिनिटे खर्च करतात. या गृहस्थाच्या घरी ८८ हा आकडा वाचून सर्वांना कुतूहल वाटले. मोटार अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकताना न्यायालये गृहिणीच्या कामाची किंमत पैशांत धरतात, परंतु त्यासाठी आधी अपघात व्हावा लागतो.

पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या घरी मात्र त्या स्वतः, रिक्षा चालवणारे यजमान आणि मॉलमध्ये कामाला असलेला मुलगा अशा तीन कमाया आहेत. मावशींना या घराचे पुष्कळ वाईट वाटते. “दादा एकटेच वढत्यात सगळं,” असे त्या खालच्या मजल्यावर सांगतात.

मावशींचे निदान तज्ज्ञांच्या निदानाहून फारसे वेगळे नाही. एका मोठ्या पगारात कुटुंब सुखाने राहू शकते का, याचे उत्तर महिन्याच्या हिशेबात ‘हो’ असेच आहे. १ लाख ७२ हजारांत चौघांचे आणि दोन वृद्धांचे पोट भरत नाही असे जो म्हणेल, त्याने मावशींच्या देखत म्हणून दाखवावे. अडचण असते ती रात्री दोनला. सगळा संसार एकाच खुंटीला टांगलेला असून ती खुंटी कंपनीच्या भिंतीत आहे. कंपनीत ‘बेंच’ नावाची एक अदृश्य बैठक असते, जिच्यावर काम नसलेल्या माणसाला पगारासह बसवतात आणि काही आठवड्यांनी बिनपगारी उठवतात. आईवडिलांसकट सर्वांचा आरोग्यविमा नोकरीशी बांधलेला, म्हणून नोकरी गेली की ताप यायचीही सोय नाही. मुदतीचा विमा आहे, पण तो गृहस्थ जिवंत असेपर्यंत कोणाच्याच कामाचा नाही, आणि त्याची रक्कम पाहिल्यापासून आपली किंमत हयातीपेक्षा पश्चात अधिक आहे, असा एक खेदकारक समज त्याने करून घेतला आहे. दुपगारी शेजाऱ्याची एक नोकरी गेली, तर त्याची व्हिएतनामची सहल जाते; याची गेली, तर एकविसाव्या दिवशी हप्ता थकतो. म्हणून हा दर अप्रेझलला, म्हणजे वार्षिक कामगिरीच्या मूल्यमापनाला, साहेबाच्या फिक्या विनोदांवर शेजाऱ्यापेक्षा दुप्पट हसतो. त्याच्या पगारातून कोठेही न दाखवली जाणारी ही सर्वांत मोठी कपात होय.

एवढे असूनही ‘मी एकटा कमावतो’ हे वाक्य त्याच्या तोंडून जाता जाता निघतेच, आणि निघाले की वडील वर्तमानपत्र किंचित वर धरतात. बायको काही बोलत नाही. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते, आणि १ कोटी १० लाखांवर एक टक्का म्हणजे १ लाख १० हजार रुपये होतात, हे गृहस्थाने त्या वेळी तक्त्यात हिरव्या रंगात मांडले होते. त्यामुळे बँकेच्या अर्जावर तिच्या नावापुढे ‘व्यवसाय: गृहिणी, वार्षिक उत्पन्न: निरंक’ असे लिहिलेले असले, तरी दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील नोंदीनुसार सदनिका क्रमांक ७०३ पार्किंगसह तिच्या एकटीच्या मालकीची असून गृहस्थ तेथे राहतो.