विकली ती बंदूक

मुरबाड-शहापूरकडच्या माणसाला जमीन विकल्याचं दुःख फारसं होत नाही. समृद्धी महामार्गात वावर गेलं तर तो मोबदल्याचा आकडा सांगतो आणि वर तुम्हाला चहा पाजतो. पण घरातली बंदूक विकल्याचा विषय निघाला की त्याचा स्वतःचा चहा निवून जातो.

माझी पहिली बंदूक म्हसाच्या जत्रेतली, टिकल्यांची. पौष पौर्णिमेला वडील बैलांचे दात बघत फिरायचे आणि मी बंदुकांच्या पाट्या. ती मी पुढे एका कंपासपेटीच्या बदल्यात देऊन टाकली. कंपासपेटीचा काडीचा उपयोग झाला नाही, हे आमचे गणिताचे मास्तरही सांगतील.

खरी बंदूक आजोबांची. पीक संरक्षणाच्या परवान्यावरची, ठासणीची. नळीत आधी दारू, मग चिंधीचा बोळा, तो गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, शेवटी घोड्याखाली टोपी. एवढं होईस्तोवर रानडुकरांनी भाताचं अर्धं खाचर संपवून पलीकडचा बांध गाठलेला असे. पावसाने दारू सर्दली असली तर बार उडायचाच नाही, नुसती टोपी फट्‌दिशी वाजायची. मग आजोबा शिव्यांचा बार काढत. तो कधी फुकट गेला नाही.

किन्हवलीकडच्या मामांकडे बारा बोअरची एकनळी होती. काडतूस महाग, म्हणून ती उडायची कमी आणि ओटीवरच्या खुंटीला दिसायची जास्त. मामेबहिणीच्या लग्नाची बोलणी त्या खुंटीखालीच झाली. मुलाकडच्यांनी मानपानाचा विषय काढला, पण फार हळू आवाजात.

मग आजोबांच्या परवान्याचं नूतनीकरण, त्याचे हेलपाटे, आणि निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा. कधी विधानसभा, कधी लोकसभा, कधी झेडपी. घरात कोणी नसेल इतकी ती लोकशाहीत रमली. आजोबा गेल्यावर वडिलांनी परवानावाला गिऱ्हाईक बघून ती रीतसर विकली आणि विहिरीवर मोटर बसवली. मोटर वर्षाच्या आत चोरीला गेली. मामांनी एकनळी देऊन मोटारसायकल घेतली, ती त्यांच्या थोरल्याने बाभळीवर चढवली.

आता डुकरं राजरोस येतात. 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे परवानगीवाचून आपल्याला कोणी हात लावत नाही, हे त्यांना तोंडपाठ असावं. आम्ही डबे बडवतो, झटका मशीन लावतो. मध्यंतरी मी एअरगन आणली. तिचा बार काढला की डुकरं मान वर करून कोण शिंकलं ते बघत. शनिवारी फार्महाऊसवाले डीजे लावतात, तेवढी एक रात्र पीक शाबूत.

म्हणून ज्यांच्या खुंटीला अजून बंदूक आहे त्यांना सांगतो, विकू नका. 2016 च्या शस्त्र नियमांत सोय आहे: परवानाधारकाचं वय 70 झालं किंवा बंदूक 25 वर्षं त्याच्याकडे असली, की तो हयातीतच वारसाचं नाव देऊ शकतो. परवाना वारसाने आपल्या नावे मागायचा. म्हातारा ऐकायच्या मनःस्थितीत असेल तो दिवस साधा आणि कागद करून घ्या. भाऊ जास्त असतील तर वाटणीची बैठक मात्र निवडणुकीच्या दिवसांत बसवा. तेव्हा बंदूक ठाण्यात असते.